जुन्या जीपचा जीर्णोद्धार : घरच्या अंगणातला हिशेब

जुने वाहन पूर्णपणे सुटे करून ते मूळ स्थितीत परत आणण्याच्या कामाला ‘रिस्टोरेशन’ हा शब्द आता गॅरेजांतही रूढ झाला असला, तरी या कामाचे खरे स्वरूप जीर्णोद्धार या जुन्या शब्दातच अधिक नेमकेपणाने उतरते. कारण बिघडलेले दुरुस्त करणे एवढाच या कामाचा उद्देश नसून, मूळ बांधणीशी इमान राखून ती वस्तू पुन्हा रोजच्या वापराला योग्य करणे हा त्याचा उद्देश असतो. महाराष्ट्रात असा जीर्णोद्धार घरच्या अंगणात करण्याचा विचार ज्या वाहनाबाबत सर्वाधिक केला जातो, ते वाहन म्हणजे जुनी जीप. गटविकास अधिकाऱ्याचा दौरा, साखर कारखान्याच्या शेतकी खात्याची पाहणी, निवडणुकीचा प्रचार आणि आठवड्याच्या बाजाराला जाणारी वडाप, म्हणजे खासगी प्रवासी गाडी, या सगळ्यांशी जोडले गेलेले हे वाहन आज अनेक गावांत गोठ्याशेजारी किंवा बंद पडलेल्या गॅरेजच्या मागे उभे आहे आणि त्याची किंमत एखाद्या जुन्या मोटारीएवढीच वाटत असल्याने हौशी माणसाला ते आवाक्यातले भासते. प्रत्यक्षात खरेदीची किंमत हा या व्यवहाराचा केवळ आरंभ असतो. पुढचा खर्च नेमका कोठून येतो, त्यातला कोणता टाळता येतो आणि घरी काम केल्याने किती वाचते, हे समजून घेतल्याशिवाय हा निर्णय घेणे योग्य नाही.

एका आराखड्याची स्वस्ताई

जीप घरी खोलता येते आणि पुन्हा बांधता येते, याचे कारण तिच्या जन्मातच आहे. अमेरिकी लष्कराने १९४० मध्ये हलक्या, चारही चाकांना शक्ती मिळणाऱ्या टेहळणी वाहनाची मागणी नोंदवली, तेव्हा पहिला नमुना बॅन्टम या छोट्या कंपनीने तयार केला. परंतु मोठ्या प्रमाणावरील उत्पादन ओहायो राज्यातील टोलेडो येथील विलीज-ओव्हरलँड आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी केले आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळात दोघींनी मिळून सहा लाखांहून अधिक जीप बनवल्या. आराखडा एकच असल्याने एका कंपनीच्या गाडीचा भाग दुसऱ्या कंपनीच्या गाडीला बसावा, अशी अट होती. रणांगणावरील फिटरला मोजक्या पान्यांनी काम उरकता यावे, यासाठी बॉनेट, फेंडर, पुढची काच आणि इंजिन हे सारे बोल्टांनी जोडलेले ठेवले गेले. आजच्या मोटारीचे बहुतेक सांधे वितळवून जोडलेले असतात आणि तिची बॉडी हाच तिचा सांगाडा असतो. जीपमध्ये मात्र चेसिस, म्हणजे खालचा पोलादी सांगाडा, आणि बॉडी, म्हणजे वरचा पत्र्याचा साचा, हे दोन वेगळे भाग असल्यामुळे चार-पाच माणसे मोकळी केलेली बॉडी हातांनी उचलून बाजूला ठेवू शकतात.

हा आराखडा मुंबईत आला तो १९४७ मध्ये. महिंद्र आणि महंमद या नावाने १९४५ मध्ये स्थापन झालेल्या आणि १९४८ पासून महिंद्र आणि महिंद्र म्हणून ओळखल्या जाऊ लागलेल्या कंपनीने माझगाव येथे विलीज जीपच्या सुट्या भागांची जोडणी सुरू केली. पुढे कांदिवलीच्या कारखान्यात जीप संपूर्णपणे देशी बनावटीची झाली. उंच बॉनेटची ‘सीजे-३बी’ ही जीप विलीजने १९५३ मध्ये बाजारात आणली होती आणि अमेरिकेत तिचे उत्पादन १९६८ मध्ये थांबले. भारतात मात्र ती त्यानंतरही दीर्घकाळ बनत राहिली. तिच्या उंच बॉनेटचे कारण इंजिनात आहे. आधीच्या इंजिनात सगळे व्हॉल्व्ह, म्हणजे हवा-इंधन आत घेणाऱ्या आणि धूर बाहेर सोडणाऱ्या झडपा, खालच्या ब्लॉकमध्ये होत्या. नव्या इंजिनात आत घेणारी झडप वरच्या हेडमध्ये गेली, इंजिनाची उंची वाढली आणि त्यावर झाकण बसावे म्हणून बॉनेटही वर उचलावे लागले. ऐंशीच्या दशकातील ‘एमएम ५४०’ या जीपमध्ये प्यूजो कंपनीच्या आराखड्यावरचे, इगतपुरीच्या कारखान्यात बनणारे ‘एक्सडीपी ४.९०’ हे डिझेल इंजिन आले. या नावातील चार हा आकडा सिलिंडरांची संख्या सांगतो आणि नव्वद हा प्रत्येक सिलिंडरचा मिलिमीटरमधील व्यास सांगतो.

एकाच घराण्यातली वाहने इतका दीर्घ काळ बनत राहिल्यामुळे त्यांचे सुटे भाग आजही पुण्याच्या नाना पेठेत, मुंबईत कुर्ल्याच्या जुन्या मालाच्या दुकानांत आणि जवळपास प्रत्येक जिल्ह्याच्या ठिकाणी मिळतात, आणि परदेशी जुन्या गाड्यांच्या तुलनेत ते स्वस्तही असतात. या स्वस्ताईतूनच पहिला गैरसमज जन्माला येतो. भाग स्वस्त आहेत म्हणजे जीर्णोद्धारही स्वस्त आहे, असे मानले जाते; वास्तविक जीपच्या बाबतीत खर्चाचे वजन सुट्या भागांवरून सरकून तीन ठिकाणी जाऊन बसते. ती ठिकाणे म्हणजे कागदपत्रे, पत्रा आणि यंत्रशाळेतले काम.

कागदपत्रे : सर्वांत आधीचा खर्च

जीपचे इंजिन पाहण्याआधी तिचे नोंदणी प्रमाणपत्र, म्हणजे आरसी बुक, पाहणे आवश्यक असते. कारण इंजिन बदलता येते, परंतु हरवलेली ओळख परत मिळवणे अनेकदा शक्य होत नाही. मोटार वाहन कायद्यानुसार खासगी वाहनाची नोंदणी १५ वर्षांसाठी वैध असते आणि त्यानंतर तपासणी करून ती ५-५ वर्षांसाठी वाढवावी लागते. वीस वर्षांहून जुन्या हलक्या मोटार वाहनासाठी या नूतनीकरणाचे शुल्क ऑगस्ट २०२५ मधील नियमबदलानंतर १०,००० रुपये झाले असून, नूतनीकरणाला उशीर झाल्यास दर महिन्याला ५०० रुपये जादा भरावे लागतात. म्हणजे एखादी जीप पाच वर्षे नूतनीकरणाविना गोठ्याशेजारी उभी असेल, तर साठ महिन्यांचे ३०,००० रुपये केवळ विलंबापोटी अंगावर येतात, आणि विक्रेत्याने सांगितलेल्या किमतीत हा आकडा कधीच धरलेला नसतो. त्याशिवाय महाराष्ट्रात जुन्या वाहनांवर आकारला जाणारा पर्यावरण कर, उच्च सुरक्षा नोंदणी पाटी आणि विमा यांचा खर्च वेगळा असतो. १,५०० घनसेंटिमीटरपेक्षा मोठ्या इंजिनाच्या खासगी मोटारीचा तृतीय पक्ष विमा, म्हणजे अपघातात दुसऱ्याच्या झालेल्या हानीसाठी कायद्याने बंधनकारक असलेला विमा, २०२२ मध्ये ठरलेल्या दराने वर्षाला ७,८९७ रुपये पडतो, आणि सीजे-३बी काय किंवा एमएम ५४० काय, दोन्ही जीप याच गटात मोडतात.

पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षे उलटलेल्या आणि मूळ स्वरूपात टिकलेल्या वाहनांसाठी २०२१ मध्ये स्वतंत्र नियम करण्यात आले. त्यानुसार अशा वाहनाला ‘व्हीए’ ही वेगळी अक्षरे असलेला क्रमांक मिळतो आणि ही नोंदणी १० वर्षे चालते. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये आहे. मात्र या नोंदणीवर वाहन रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, जुन्या वाहनांची फेरी, तांत्रिक अभ्यास, इंधन भरणे आणि देखभाल एवढ्याच कामांना तशी परवानगी असते. ज्याला शेतावर आणि घाटात जीप चालवायची आहे, त्याने हा फरक खरेदीपूर्वीच लक्षात घेतला पाहिजे.

कायद्याची आणखी एक बाजू खर्चाशी थेट जोडलेली आहे. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमानुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळे होतील असा बदल परवानगीविना करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ही भूमिका स्पष्टपणे उचलून धरली. मालकाने असा बदल केल्यास सहा महिन्यांपर्यंतचा कारावास किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपयांपर्यंतचा दंड होऊ शकतो. हरियाणातील मंडी डबवाली हे गाव जुन्या भागांतून नव्याने जीप बांधून देण्यासाठी देशभर प्रसिद्ध आहे आणि तेथील कारागिरांचे कौशल्यही निर्विवाद आहे. परंतु ज्या वाहनाचा चेसिस क्रमांक कोणत्याही वैध प्रमाणपत्राशी जुळत नाही, त्यावर केलेला प्रत्येक रुपया रस्त्यावर कायदेशीरपणे न येऊ शकणाऱ्या वस्तूवर केलेला खर्च ठरतो.

पत्रा आणि गंज

कागद जुळल्यानंतरची खरी परीक्षा गंजाची असते. रंगाखाली गंज किती खोल गेला आहे, यावर एकूण खर्चाचा सर्वांत मोठा भाग ठरतो आणि खरेदीच्या वेळी नेमका तोच भाग डोळ्यांना दिसत नाही. कोकणातील खारी, दमट हवा आणि देशावरची कोरडी हवा यांतला फरक इतका मोठा असतो की, एकाच वर्षी बनलेल्या दोन जीपपैकी मराठवाड्यात राहिलेल्या जीपची चेसिस शाबूत असते, तर किनाऱ्यालगत राहिलेल्या जीपच्या चेसिसला हात लावला तरी खपल्या निघतात.

चेसिसची परीक्षा करण्याची अनुभवी मिस्त्र्यांची रीत अगदी साधी आहे. गाडी जॅकवर उचलून घोड्यांवर, म्हणजे लोखंडी तिकाटण्यांवर, टेकवली जाते आणि छोट्या हातोडीने चेसिसच्या दोन्ही लांब पट्ट्यांवर टोकापासून टोकापर्यंत वीत-वीत अंतरावर ठोके दिले जातात. निरोगी पोलाद घंटेसारखा खणखणीत नाद देते. गंजाने पोखरलेल्या जागी तोच आवाज मातीच्या घागरीसारखा बद्द येतो. अशा जागी स्क्रूड्रायव्हरचे टोक दाबून फिरवले की तपकिरी भुसा गळू लागतो, आणि कधीकधी टोक थेट आरपार जाते. पाट्यांचे, म्हणजे थरांनी रचलेल्या पोलादी स्प्रिंगांचे, टेकू जेथे चेसिसला जोडलेले असतात तो भाग आणि पुढचा पेटीसारखा बंद केलेला भाग हे सर्वाधिक धोक्याचे. कारण तेथे शिरलेला चिखल वर्षानुवर्षे ओल धरून बसतो. युद्धकाळातील विलीज जीपच्या तळाखाली टोपीच्या आकाराच्या पत्र्याच्या पट्ट्या असत आणि त्यांत बळकटीसाठी लाकडी फळ्या भरलेल्या असत. तेच लाकूड पुढे पाणी शोषून तळाच्या पत्र्याला आतून खात गेले.

बॉडीच्या पत्र्याबाबत दोन मार्ग असतात. सडलेला तुकडा कापून त्याच जाडीचा नवा तुकडा वेल्डिंगने बसवणे हा पहिला मार्ग, आणि बाजारात मिळणारी संपूर्ण तयार बॉडी चढवणे हा दुसरा. पहिला मार्ग मजुरीचा आहे, दुसरा मालाचा. सडका भाग तळापुरता मर्यादित असेल, तर तुकडा बसवणे स्वस्त पडते आणि मूळ पत्रा टिकतो. तळ, बाजू आणि मागचा भाग असे तिन्ही सडले असतील, तर तुकड्यांची मजुरी तयार बॉडीच्या किमतीला मागे टाकते. तिसरा एक मार्ग सर्रास वापरला जातो आणि तो सर्वांत महाग ठरतो; त्यात गंज न काढताच त्यावर लांबी, म्हणजे पत्र्याचे खड्डे भरण्याची पुट्टी, थापली जाते आणि वर चकचकीत रंग मारला जातो. लांबीखालचा गंज थांबत नाही. एक-दोन पावसाळ्यांत ती फुगते, सुटते आणि रंगाचा सगळा खर्च दुसऱ्यांदा करावा लागतो.

इंजिन : घरी कोठवर, लेथवर कोठून

इंजिन खोलणे हे घरी जमण्यासारखे काम आहे. ते बांधण्याचा काही भाग मात्र यंत्रशाळेशिवाय होत नाही. पिस्टन सिलिंडरमध्ये वर-खाली होताना सिलिंडरची आतली भिंत सर्वत्र सारखी झिजत नाही. वरच्या टोकाशी स्फोटाची उष्णता आणि दाब सर्वाधिक असतो, तेथे तेल कमी पोहोचते आणि पिस्टन क्षणभर थांबून दिशा बदलतो, त्यामुळे झीजही तेथेच अधिक होते. परिणामी गोल नळीचे तोंड किंचित मोठे होते. ही झीज इंचाच्या हजाराव्या भागात मोजतात, आणि माणसाच्या केसाची जाडी अशा सुमारे तीन भागांएवढी असते यावरून या मोजमापाची सूक्ष्मता लक्षात येईल. झीज मर्यादेत असेल तर केवळ नव्या रिंगांवर भागते. मर्यादेबाहेर असेल तर सिलिंडर बोअर करून, म्हणजे आतून तासून, दहा, वीस किंवा तीस हजारांश इंच मोठ्या मापाचे पिस्टन बसवावे लागतात. क्रँकशाफ्ट, म्हणजे पिस्टनांची वर-खाली गती गोल गतीत बदलणारा दांडा, ग्राइंडिंगने घासून त्याच पद्धतीने कमी मापावर आणला जातो. आधीच्या मालकांनी हे काम दोन-तीनदा केलेले असेल, तर तासायला धातूच उरत नाही आणि नवे लायनर किंवा दुसरा ब्लॉक शोधण्याची पाळी येते. म्हणून इंजिन कितीवर, म्हणजे किती हजारांश वाढीव मापावर, गेलेले आहे, हा प्रश्न गॅरेजमध्ये पहिल्यांदा विचारला जातो.

डिझेल जीपमध्ये यात पंप आणि नोझलची भर पडते. सिलिंडरमध्ये नेमक्या क्षणी नेमके डिझेल फवारणारा हा पंप इतका सूक्ष्म असतो की, तो उघडणे आणि जुळवणे हे खास चाचणी-यंत्र असलेल्या दुकानाचेच काम आहे. पेट्रोल जीपमध्ये वेगळी काळजी घ्यावी लागते. आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळले जाते आणि जुन्या काळातील रबरी नळ्या, पंपाचा पडदा व कार्ब्युरेटरचे वॉशर ते सोसण्यासाठी बनवलेले नव्हते. ते फुगतात, भेगाळतात आणि गळू लागतात. नव्या प्रतीच्या नळ्यांचा खर्च किरकोळ असतो, परंतु तो टाळल्यास तापलेल्या इंजिनावर पेट्रोल ठिबकण्याचा धोका उरतो.

अवजारांचा प्रश्नही येथेच उभा राहतो. मूळ अमेरिकी आराखड्यातून आलेल्या भागांचे नट-बोल्ट इंची मापाचे असतात, तर प्यूजो आराखड्याचे इंजिन मिलिमीटरच्या मापाचे असते. त्यामुळे एमएम ५४० खोलणाऱ्याला पान्यांचे दोन संच घ्यावे लागतात. इंची बोल्टावर जवळच्या मापाचा मिलिमीटरचा पाना रेटला, तर बोल्टाचे कोपरे गोल होतात आणि पाच मिनिटांच्या कामाला वेल्डिंग करून बोल्ट काढण्याचे अर्ध्या दिवसाचे काम येऊन चिकटते.

ब्रेक : जेथे काटकसर वर्ज्य आहे

जुन्या जीपचा ब्रेक हा तिच्या साधेपणाचा नमुना आहे आणि तिची सर्वांत मोठी उणीवही आहे. पायाने पेडल दाबले की मास्टर सिलिंडर, म्हणजे मुख्य दट्ट्या, नळ्यांतील तेलावर दाब आणतो आणि तो दाब चारही चाकांतील छोट्या सिलिंडरांपर्यंत पोहोचून ब्रेकचे पट्टे ड्रमला आतून घासतात. आधुनिक मोटारीत ही व्यवस्था दोन स्वतंत्र भागांत विभागलेली असते, त्यामुळे एक भाग निकामी झाला तरी उरलेल्या भागावर गाडी थांबते. जुन्या जीपमध्ये मात्र चारही चाकांना मिळून एकच मार्ग असतो. मागच्या एका चाकातील वीस-पंचवीस रुपयांची रबरी वाटी फाटली, तरी सगळे तेल तेथून निघून जाते आणि पेडल एकदम तळाला टेकते. हे तेल हवेतील ओल शोषणारे असते; दीर्घकाळ उभ्या राहिलेल्या जीपमध्ये तीच ओल सिलिंडरच्या आतल्या पृष्ठभागावर बारीक खड्डे पाडते आणि अशा खडबडीत सिलिंडरमध्ये नवी वाटी बसवली, तरी ती काही महिन्यांत झिजते. म्हणून बंद पडून राहिलेल्या जीपचे मास्टर सिलिंडर, चारही चाकांचे सिलिंडर, रबरी नळ्या आणि धातूच्या नळ्या असा संपूर्ण संच नवा घालणे हाच शहाणपणाचा मार्ग असतो. सबंध जीर्णोद्धारात एवढ्या खर्चात एवढी सुरक्षितता देणारे दुसरे काम नाही.

एक नमुना हिशेब

खर्चाचे प्रमाण ध्यानात यावे म्हणून एक कल्पित हिशेब मांडणे उपयुक्त ठरेल. हा कोणा एका गाडीचा जमाखर्च नव्हे. गाव, गाडीची स्थिती आणि कारागीर यांनुसार यातील प्रत्येक आकडा बदलेल. नोंदणी जिवंत असलेली, चालू स्थितीतील, परंतु तळ सडलेली डिझेल जीप दोन लाखांना घेतली असे मानू या. इंजिनाचे संपूर्ण काम पंप-नोझलसह ८० हजार, पत्र्याचे काम व चेसिसची दुरुस्ती ९० हजार, रंग ५० हजार, अॅक्सल, स्टिअरिंग, पाटे आणि ब्रेक मिळून ४५ हजार, गिअरबॉक्स आणि पुढच्या चाकांना शक्ती वाटून देणारी ट्रान्स्फर केस यांचे ३० हजार, पाच टायरांचे ३५ हजार, वायरिंग आणि बॅटरीचे २० हजार, सीट आणि ताडपत्रीचा हूड यांचे २५ हजार आणि कागदपत्रांचे २० हजार धरले, तर बेरीज ३ लाख ९५ हजार होते. यात गाडी खोलल्यावरच कळणाऱ्या कामांसाठी चौथा हिस्सा, म्हणजे सुमारे एक लाख, राखून ठेवणे आवश्यक आहे. खरेदीसह एकूण आकडा सात लाखांच्या जवळ जातो.

या हिशेबात दोन गोष्टी पाहण्यासारख्या आहेत. पहिली अशी की, दोन लाखांऐवजी सव्वा लाखाला मिळालेली, परंतु चेसिस सडलेली आणि नोंदणी संपलेली जीप वाचवलेल्या पाऊण लाखापेक्षा कितीतरी अधिक खर्च मागते. दुसरी अशी की, एकही रक्कम एकट्याने फार मोठी नाही. जीर्णोद्धार अर्ध्यावर सोडले जातात ते बहुधा एखाद्या मोठ्या खर्चामुळे नसून, न मोजलेल्या लहान खर्चांच्या साखळीमुळे. बुश, सील, गॅस्केट, नट-बोल्ट, ग्रीस, ऑइल, रॉकेल, पॉलिश पेपर आणि टेंपोचे भाडे यांची नोंद कोणी ठेवत नाही आणि वर्षअखेरीस ती रक्कम एका इंजिनाच्या कामाएवढी भरते.

घरच्या श्रमाचे खरे मोल

घरी काम केल्याने मजुरी वाचते, ही समजूत तपासून पाहण्यासारखी आहे. अमेरिकेत किंवा ब्रिटनमध्ये जीर्णोद्धाराचा सर्वांत मोठा खर्च कारागिराच्या तासांचा असतो. तेथे स्वतः काम करणारा माणूस खर्चाचा फार मोठा वाटा वाचवतो. महाराष्ट्रात चित्र वेगळे आहे. खोलणे, साफ करणे, ब्रेक, वायरिंग आणि जोडणी या घरी होण्यासारख्या कामांना हौशी माणसाचे ४०० तास लागतील आणि सराईत फिटर तीच कामे निम्म्या वेळात करील असे मानले, तर फिटरचे ते २०० तास म्हणजे आठ तासांचे २५ दिवस झाले. दिवसाला दीड हजार रुपये धरले तरी वाचलेली मजुरी ३७,५०० रुपयेच भरते. पान्यांचे संच, जॅक, घोडे, इंजिन उचलण्याची चेनपुली, ग्राइंडर आणि मोजमापाची साधने विकत घेतली, तर यातील बराचसा भाग तेथेच संपतो. दर रविवारी पाच तास काम केले, तर ४०० तासांना ८० रविवार, म्हणजे दीड वर्षाहून अधिक काळ लागतो, आणि तेवढा काळ गाडी छपराखाली ठेवण्याची सोय असावी लागते.

तरीही घरचे काम फायद्याचे ठरते. ते ज्या ठिकाणी फायद्याचे ठरते, ते ठिकाण मजुरीचे नसून निर्णयाचे आहे. गॅरेजवाल्याला काम वेळेत संपवायचे असते. संशयास्पद भाग पुन्हा मोजत बसण्यापेक्षा नवा घालणे त्याला सोयीचे असते आणि त्यात त्याची चूकही नसते. घरी काम करणाऱ्याकडे मात्र वेळ असतो. चाळीस वर्षांपूर्वीचा मूळ स्टिअरिंगचा दांडा, दरवाजाची बिजागरी, गिअरबॉक्समधील एखादे दातेरी चक्र तो धुऊन, मोजून, पारखून पुन्हा वापरू शकतो, आणि मूळ पोलादाचा असा भाग बाजारातल्या स्वस्त नव्या भागापेक्षा अनेकदा अधिक टिकतो. प्रत्येक वाचलेल्या भागाबरोबर पैसाही वाचतो आणि जीपचे मूळपणही टिकते.

या कामातले काही धोके घरच्या माणसाने विशेष ध्यानात ठेवले पाहिजेत. जुन्या विलीज आणि सीजे-३बी या जीपमध्ये पेट्रोलची टाकी चालकाच्या सीटखाली असते आणि तळाचा पत्रा नेमका त्याच भागात सडलेला असतो. टाकी रिकामी केली तरी तिच्यात वाफ राहते आणि वेल्डिंगच्या ठिणगीने तिचा स्फोट होऊ शकतो. म्हणून टाकी काढून दूर नेल्याशिवाय वेल्डिंगला हात लावू नये. जुन्या ब्रेकच्या पट्ट्यांत अॅस्बेस्टॉस असण्याची शक्यता असते आणि त्याची धूळ फुप्फुसांना कायमची इजा करते, त्यामुळे ड्रममधली धूळ फुंकून न उडवता ओल्या फडक्याने पुसून घ्यावी. केवळ जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही, क्षणभरही, जाऊ नये.

क्रम हाच खर्चाचा लगाम

एवढ्या सगळ्या कामांचा क्रम चुकला, तर एकच खर्च दोनदा होतो. रंग आधी आणि इंजिन नंतर बसवले, तर इंजिन आत उतरवताना नव्या रंगावर ओरखडे पडतात. वायरिंग आधी आणि वेल्डिंग नंतर केले, तर तारा जळतात. चेसिसची तपासणी न करता तयार बॉडी आणली, तर वाकलेल्या चेसिसवर तिची भोके जुळत नाहीत. म्हणून आधी कागदपत्रे, मग चेसिस, मग अॅक्सल आणि ब्रेक, मग इंजिन व गिअरबॉक्स, त्यानंतर पत्रा, पत्र्याचे काम पूर्ण झाल्यावर रंग आणि सर्वांत शेवटी वायरिंग, सीट व हूड असा क्रम सोयीचा ठरतो. खोलताना प्रत्येक जोडणीचे छायाचित्र घेणे, प्रत्येक नट-बोल्टाची वेगळी पिशवी करून तिच्यावर नाव लिहिणे आणि प्रत्येक खर्च त्याच दिवशी वहीत टिपणे या तीन सवयींना पैसा जवळजवळ लागत नाही, परंतु दीड वर्षानंतर गाडी जोडताना त्यांच्याइतका उपयोग दुसऱ्या कशाचाच होत नाही.

तयार झालेली जीप विकून सात लाख रुपये परत मिळतील, असे गृहीत धरून हे काम हाती घेऊ नये. तेवढी किंमत मिळेलच असे नाही, आणि मिळाली तरी ८० रविवारांचे मोल त्यात नसते. हा खर्च योग्य ठरतो तो वेगळ्या कारणाने. आज नवे वाहन बिघडले की त्याचा मालक काचेच्या केबिनबाहेर बसून बिलाची वाट पाहतो, कारण बॉनेटखालचे काहीही त्याला उघडता येत नाही. जीपचा जीर्णोद्धार केलेल्या माणसाला आपल्या गाडीतला प्रत्येक बोल्ट हाताने ओळखता येतो. घाटात आवाज बदलला की तो कोठून येतो हे त्याला कळते, आणि वहीच्या कोणत्या पानावर त्या भागाची नोंद आहे हेही त्याला सांगता येते. १९४० मध्ये रणांगणावरील फिटरसाठी जो साधेपणा या वाहनात घातला गेला, तो सांगली किंवा सावंतवाडीच्या एखाद्या अंगणात आजही तितकाच उपयोगी पडतो, फक्त त्याची किंमत काम सुरू करण्याआधी कागदावर नीट मांडलेली असली पाहिजे.